मालिकेतला अंध आणि मालिकेसमोरचा अंध

दिवेलागणीनंतर मुरब्याच्या गल्ल्यांतून चालत गेलं तर मालिका पाहाव्या लागत नाहीत, त्या कानावर येतात. घराला घर लागून, दारं उघडी आणि आत टीव्ही चालू. एका घरात सुरू झालेलं शीर्षकगीत पुढच्या घरात पुढं चालू असतं. पालघर तालुक्यातलं हे मच्छीमारांचं गाव. खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेला आलेवाडी आणि नांदगाव, आतल्या अंगाला बोईसरचं स्टेशन आणि तारापूरची औद्योगिक वसाहत. बोटीवरून परतलेले, मासळी विकून आलेल्या, कारखान्यातली पाळी संपवून आलेले असे सगळे सात ते साडेदहाच्या दरम्यान कधी ना कधी पडद्यासमोर टेकतात.

कानावर येणाऱ्या या मालिकांत संवाद चालू असतात तोवर गोष्ट नीट कळते. मग संवाद थांबतात. वाद्यांचा कल्लोळ उठतो, कुणीतरी श्वास रोखतं, कसलासा आवाज होतो आणि जाहिराती लागतात. दारात कोण उभं होतं? चिठ्ठीत काय लिहिलं होतं? कुणी कुणाकडे कसं पाहिलं? मी काही भाग पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकले, आणि प्रत्येक भागात गोष्ट नेमकी वळण घेते त्याच जागी हातातून सुटली. डोळस माणूस मान वळवून पाहू शकतो. अंध माणसाला शेजारच्याला विचारावं लागतं, आणि शेजारचा सांगेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची नोंद ५० लाख ३२ हजारांहून अधिक आहे. आपलं टीव्ही-नाट्य या लोकांना अधूनमधून पात्र म्हणून बोलावतं, पण प्रेक्षक म्हणून कधी मोजत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. अंध माणूस आपली मालिका पाहतो आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो लेखक अंध पात्र लिहिताना कुणाला विचारणार? तो स्वतःच्या भीतीला विचारतो, आणि पडद्यावर येते ती डोळस माणसाची अंधाराबद्दलची भीती.

हस्तिनापूरचा राजा, अलीगढचा संगीतकार

भारतीय टीव्हीवर सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेलं अंध पात्र बहुधा धृतराष्ट्रच असेल. बी. आर. चोप्रा यांचं ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ पासून जून १९९० पर्यंत दूरदर्शनवर चाललं. गिरिजा शंकर यांनी धृतराष्ट्र केला, रेणुका इसरानी यांनी गांधारी. रविवारी सकाळी रस्ते ओस पडण्याचे ते दिवस. एका पिढीनं अंध माणूस पडद्यावर पहिल्यांदा सविस्तर पाहिला तो हा: सिंहासनाच्या हातांवर मुठी आवळून बसलेला, पुत्रमोहानं न्याय विसरलेला, डोळ्यांबरोबर विवेकही गमावलेला.

व्यासांचा धृतराष्ट्र यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. जन्मानं थोरला असून केवळ अंध म्हणून त्याला राज्य नाकारलं गेलं आणि पांडूला दिलं गेलं. हा अन्याय त्याच्या पुढच्या सगळ्या वागण्याच्या मुळाशी आहे. त्याच्या अंगी लोखंडाची मूर्ती मिठीत चुरडण्याएवढं बळ होतं. मालिकेच्या हाताळणीत मात्र अंधत्व आणि अधर्म इतके एकजीव झाले, की पाहणाऱ्याला ते वेगळे करता येऊ नयेत. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा द्रौपदी त्याला आंधळ्याचा मुलगा आंधळाच असा टोमणा मारते, हा प्रसंग घराघरांत पाठ झाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीच्या तोंडी हे वाक्य नाही. लोकपरंपरेतून आलेला टोमणा टीव्हीनं उचलला आणि तो कोट्यवधी लोकांना महाभारताचं कारणच वाटू लागला. त्या कोट्यवधींत अंध मुलंही होती, आणि सोमवारी शाळेत त्यांना हे वाक्य कुणी ऐकवलं असेल हे सांगायला नको.

त्याआधीची मालिका रामानंद सागर यांचं ‘रामायण’, २५ जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंतची. तिच्यात श्रावणाचे अंध आईवडील येतात. मुलाच्या कावडीवर अवलंबून असलेले, आणि मुलगा गेल्यावर शाप देऊन प्राण सोडणारे. एका बाजूला विवेकहीन राजा आणि दुसऱ्या बाजूला असहाय म्हातारे, एवढ्या दोनच शक्यता त्या काळच्या पडद्यानं दिल्या.

आणि त्याच ‘रामायणा’चं संगीत करत होते रवींद्र जैन. अलीगढला १९४४ साली जन्मलेले, जन्मापासून अंध. ‘गीत गाता चल’, ‘चितचोर’, ‘अखियों के झरोखों से’ हे चित्रपट त्यांनी आधीच गाजवले होते आणि ‘राम तेरी गंगा मैली’साठी फिल्मफेअर पुरस्कार घेतला होता. चाली त्यांच्या, कितीतरी गीतांचे शब्द त्यांचे आणि भारावून टाकणारा तो आवाजही त्यांचा. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला मुंबईत ते गेले. देशानं रविवारी सकाळी अंध माणसाची कर्तबगारी ऐकली आणि अंध माणसाची लाचारी पाहिली. निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच रेकॉर्डिंग स्टुडिओत, एक अंध माणूस वाद्यवृंदाला सूचना देत उभा होता. त्याच्यासारखं पात्र लिहावं असं कुणालाही सुचलं नाही.

पट्टी सुटण्याची गोष्ट

मालिकांनी अंध पात्राचा साचा सिनेमाकडून जसाच्या तसा घेतला. चार्ली चॅप्लिनच्या १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’मध्ये फुलं विकणारी अंध मुलगी आहे. भटक्या नायकाच्या त्यागातून तिची शस्त्रक्रिया होते आणि तिला दिसू लागतं. त्या एका कथेच्या किती आवृत्त्या आपल्याकडे निघाल्या त्याची गणती नाही. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये (१९७७) निरूपा रॉय यांच्या आईची दृष्टी अपघातात जाते आणि साईबाबांच्या चमत्कारानं परत येते. ‘फना’मध्ये (२००६) काजोलची झूनी शस्त्रक्रियेनंतर पाहू लागते, आणि कथेला पुढची कलाटणी त्यातूनच मिळते.

मालिकेत आला की हा साचा आणखी पातळ होतो. आधी अपघात, बहुधा जिन्यावरून किंवा गाडीचा. मग काळा चष्मा. मग घरात खुर्च्यांना धडका आणि त्याचा फायदा घेणारी खलनायिका. मग जोडीदाराचा त्याग. मग ‘डोळे मिळाले’ अशी बातमी. शेवटी डॉक्टर डोळ्यांवरची पट्टी उलगडतात, सगळं कुटुंब श्वास रोखून उभं असतं, आणि नायिकेला पहिल्याच क्षणी समोरचा चेहरा स्वच्छ दिसतो. कधी दिसू लागलेलं असूनही ती काही दिवस अंध असल्याचं नाटक करते आणि खलनायिकेला पकडते. चाळीस-पन्नास भाग निघतात. मग मालिका पुन्हा तिच्या मूळ भांडणाकडे वळते आणि अंधत्वाचा विषय पुन्हा निघत नाही.

यातल्या वैद्यकीय चुका निरुपद्रवी नाहीत. नेत्रदानात अख्खा डोळा बसवत नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तेवढा बदलतात. त्याचा उपयोग होतो तो ज्यांची दृष्टी कॉर्नियाच्या दोषामुळे गेली आहे त्यांनाच. काचबिंदूनं डोळ्याची नस सुकली असेल किंवा दृष्टिपटल निकामी झालं असेल, तर कुणाचाही कॉर्निया बसवून दिसू लागत नाही. जिवंत माणूस कुणासाठी डोळे काढून देऊ शकत नाही. नेत्रदान मृत्यूनंतरच होतं, आणि साधारण सहा तासांच्या आत. कॉर्निया बसवल्यावर नजर स्थिर व्हायला काही महिनेही जातात. आणि देशातल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मालिकेत कधीच येत नाही. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी ६६ टक्क्यांहून अधिक जणांचं अंधत्व मोतीबिंदूमुळे आल्याचं आढळलं. म्हणजे एखाद्या मालिकेतल्या आजीला वेळेवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नेलं, तर त्या एका भागानं खेड्यापाड्यांत जेवढं काम होईल, तेवढं शंभर अपघातांनी होणार नाही.

पट्टी सुटल्यावर काय घडतं, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमातून जन्मापासून अंध असलेल्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया घडवून आणल्या आणि त्यांची नजर कशी घडत जाते ते तपासलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की हातानं चाचपून ओळखलेली वस्तू शस्त्रक्रियेनंतर लगेच नुसत्या नजरेनं या मुलांना ओळखता आली नाही. पाहणं त्यांना हळूहळू शिकावं लागलं. या शिकण्यात केवढं नाट्य आहे! आईचा आवाज ओळखीचा, स्पर्श ओळखीचा आणि चेहरा मात्र अनोळखी. आपले लेखक हे सोडून पट्टीपाशीच थांबतात, कारण त्यांच्या कथेला अंध माणसाचं आयुष्य नको असतं. त्यातून सुटका तेवढी हवी असते.

दोन मराठी कलाकृती

हे वेगळ्या तऱ्हेनं करता येतं याचा पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ मराठी बाईनं लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला आहे. पुणे आकाशवाणीवर निवेदक म्हणून सुरुवात केलेल्या, पुढे दिल्ली दूरदर्शनवर काम केलेल्या सईंना कानांनी जग समजून घेणं परकं नव्हतं. दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेत त्यांनी हा चित्रपट घडवला. नसीरुद्दीन शाह यांनी केलेला अनिरुद्ध परमार हा अंधशाळेचा प्राचार्य त्या शाळेच्या मुख्याध्यापक मित्तल यांच्यावरून उभा राहिला. १९७९ चा सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता आणि पटकथा असे राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले.

अनिरुद्ध देखणा, हुशार, तापट आणि अहंकारी आहे. दयेचा वास आला की तो बिथरतो. शबाना आझमीच्या कविताला तो आवडतो. पण तिचं प्रेम खरं की तिच्या दुःखानं शोधलेला सेवेचा मार्ग, हा प्रश्न त्याला छळतो. म्हणजे चित्रपटातला पेच अनिरुद्धच्या डोळ्यांतून येत नाही, त्याच्या स्वाभिमानातून येतो. त्याला शेवटी दिसू लागत नाही, आणि तशी इच्छाही प्रेक्षकाच्या मनात उरत नाही. नसीरुद्दीन यांनी काळ्या चष्म्याचा आडोसा घेतला नाही. आवाजाच्या दिशेनं कान देणारी मान आणि ओळखीच्या खोलीतला बिनधास्त वावर यांतून त्यांनी माणूस उभा केला.

दुसरा ‘श्वास’. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी २००४ साली पडद्यावर आणलेली ही गोष्ट कोकणातल्या मुलाची आहे. डोळ्यांच्या कर्करोगानं ग्रासलेल्या नातवाला अरुण नलावडे यांनी साकारलेले आजोबा शहरातल्या रुग्णालयात आणतात. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. हे आता मुलाला सांगायचं कुणी आणि कसं? अश्विन चितळेच्या त्या मुलाला शस्त्रक्रियेआधी आजोबा जग दाखवायला नेतात. चमत्कार होत नाही. मूल अंध होऊन गावी परततं आणि तरी शेवट हताश नाही. ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट आणि त्या वर्षीची भारताची ऑस्करची प्रवेशिका. महाराष्ट्रानं चित्रपटगृहं भरून तो पाहिला. अंधत्व गोड करून दाखवलं नाही तर प्रेक्षक पळतील, असं म्हणणाऱ्या प्रत्येक वाहिनीला ‘श्वास’ हे उत्तर आहे.

‘श्वास’ जिथं संपतो तिथून मालिका सुरू व्हायला हवी होती. परतलेलं मूल गावात कसं वाढलं, शाळेत कुठे बसलं, ब्रेल कुणाकडून शिकलं, आईनं त्याला विहिरीपाशी जायला कधी मोकळं सोडलं? चित्रपटाला दोन तास असतात. रोज अर्धा तास आणि वर्षाला तीनशे भाग हाती असलेल्या माध्यमाचंच ते काम होतं.

मुरब्यात घडेल अशी मालिका

हिंदीत २०२१ साली स्टार प्लसवर ‘आपकी नज़रों ने समझा’ ही मालिका आली. विजयेंद्र कुमेरिया यांनी केलेला तिचा नायक दर्श अंध होता. बंगालीतली ‘साँझेर बाती’ त्याआधीची. अंध माणूस नायकाच्या जागी आला हे खरंच स्वागतार्ह. पण कथेचा पाया पुन्हा एकच: अशा मुलाशी लग्न कोण करणार? मराठीतही शारीरिक वेगळेपण असलेल्या नायिका आल्या. ‘मुलगी झाली हो’मधली बोलू न शकणारी माऊ घराघरांत पोचली. बहुतेक वेळा मात्र अशा नायिकेचं वेगळेपण म्हणजे तिची सोशिकता मोजायचं माप असतं.

अंध माणसाचा खरा दिवस या कथांत शिरतच नाही. मुरब्यासारख्या गावात तरुण वयात एखाद्याची नजर जाऊ लागली, तर आधी महिनोन्‌महिने तो ते लपवतो. संध्याकाळी बोटीवरून उतरताना पाय चुकतो, तेव्हा घरच्यांना कळतं. मग दवाखाने सुरू होतात, पालघर, मग मुंबई. मग दिव्यांग प्रमाणपत्राची रांग, टक्केवारीचा घोळ, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. बोईसरहून लोकल पकडायची तर दिव्यांगांचा डबा फलाटावर कुठे येतो ते पावलांनी मोजून ठेवायचं. परीक्षा द्यायची तर लेखनिक शोधायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण दिलं आहे. त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. त्या एका टक्क्यासाठीची धडपड ही आख्ख्या मालिकेची सामग्री आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी लहानपणी दृष्टी गमावली, केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा एकदा सोडून दोनदा उत्तीर्ण केली, २०१७ च्या निकालात १२४ वा क्रमांक मिळवला आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रं घेतली. त्यांच्या वाटेवरच्या एकेका टप्प्यात मालिकेच्या महिनाभराची कथा आहे.

अंध म्हटलेल्या बहुतेकांना पूर्ण काळोख नसतो. कुणाला उजेड कळतो, कुणाला मोठे आकार, कुणाला फक्त समोरचा वाटोळा तुकडा. कायद्यानंही अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगळ्या नोंदवल्या आहेत. मालिकेत मात्र एक तर लख्ख प्रकाश किंवा ठार अंधार. मालिकेतला अंध माणूस फोन वापरत नाही. प्रत्यक्षात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं टॉकबॅक साध्या अँड्रॉइड फोनमध्ये असतं. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, आणि ते मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी बनवलं. मालिकेतला अंध समोरच्याचा चेहरा चाचपतो; प्रत्यक्षात असं कुणी अनोळखी माणसाच्या तोंडावरून हात फिरवत नाही. आवाज, पावलांची लय, बांगड्यांची किणकिण यांवरून माणूस कळतो.

आणि मुरब्यात तर कथेला काय तोटा? जाळं सांधणं हे बोटांचं काम आहे. बोंबील किती सुकला ते हाताला कळतं. भरती-ओहोटी ऐकू येते, वाऱ्याची दिशा अंगाला लागते, कोणत्या बोटीचं इंजिन आहे ते किनाऱ्यावर बसून सांगता येतं. अशा गावातला अंध तांडेल, अंध जाळं विणणारी, बोईसरच्या कारखान्यात टेलिफोनवर बसणारा अंध मुलगा, तिथल्या शाळेत शिकवणारी अंध बाई, यांपैकी कुणालाही गोष्टीत आणायला अपघात लागत नाही आणि गोष्टीतून घालवायला शस्त्रक्रिया लागत नाही.

ही भूमिका कुणाची?

अंध पात्र अंध नटाला का मिळत नाही, हा प्रश्न जगभर विचारला जातो आहे. अमेरिकेत २०१९ साली सीडब्ल्यू वाहिनीवर ‘इन द डार्क’ ही अंध नायिकेची मालिका आली आणि भूमिका डोळस अभिनेत्रीला दिली गेली. तिथल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडनं २ एप्रिलला न्यू यॉर्कमध्ये सीडब्ल्यूची सहमालक असलेल्या सीबीएसच्या मुख्यालयासमोर निदर्शनं केली. चारच वर्षांनी, २०२३ मध्ये, नेटफ्लिक्सच्या ‘ऑल द लाइट वी कॅनॉट सी’मध्ये मुख्य भूमिका आरिया मिया लोबर्टी या अंध तरुणीला मिळाली. त्याआधी तिनं व्यावसायिक अभिनय केला नव्हता.

आपल्याकडे हे नवं नाही, आपण विसरलो आहोत एवढंच. गायक-नट के. सी. डे, म्हणजे मन्ना डे यांचे काका, स्वतः अंध होते आणि १९३० च्या दशकात न्यू थिएटर्सच्या चित्रपटांत पडद्यावर गात-बोलत होते. मराठी रंगभूमीवर स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन नाटकं उभी केली. पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ४४ आणि ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’मध्ये ८८ अंध कलाकार त्यांनी रंगमंचावर आणले. याच थोरातांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. चित्रपटात ‘यलो’नं (२०१४) डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिला तिचीच भूमिका दिली आणि प्रेक्षकांनी ती मनापासून स्वीकारली. ८८ अंध कलाकारांना रंगमंचावर हालचाली बसवून देता येतात, तर टीव्हीच्या सेटवर एका कलाकाराला का येऊ नयेत? सेटवर जागा ठरलेली असते, कॅमेरे ठरलेले असतात, आणि पुन्हा टेक घेण्याची मुभाही असते.

डोळस नटानं अंध भूमिका करूच नये, असं माझं म्हणणं नाही. नसीरुद्दीन यांचा अनिरुद्ध कुणी नाकारणार नाही. पण तो घडला अंध माणसांत राहून, एका खऱ्या अंध मुख्याध्यापकाकडे पाहून. आजच्या मालिकेत ती मेहनतही नाही आणि अंध नटाला संधीही नाही.

संजयाचं काम

गीतेचा पहिला श्लोक एका अंध माणसाच्या तोंडी आहे. रणांगणावर काय चाललं आहे हे धृतराष्ट्र विचारतो आणि संजय सांगू लागतो. कोण कुठे उभा, कुणी शंख फुंकला, कुणाच्या हातून धनुष्य गळून पडलं. ज्ञानेश्वरीचं पारायण ज्या घरात होतं तिथं ही रचना सगळ्यांच्या अंगवळणी आहे. न दिसणाऱ्याला दृश्य शब्दांत सांगायचं, त्यानं ऐकावं आणि त्याला सगळं कळावं. याच कामाला आज ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक आवाज थोडक्यात सांगतो: ‘ती चिठ्ठी उघडते. हात थरथरतो. दारात सासरे.’ एवढ्यानं अंध प्रेक्षक इतरांच्या बरोबरीनं गोष्टीत येतो.

रेडिओच्या काळात याची गरजच नव्हती. मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत बोलू लागले, की अंध आणि डोळस श्रोता एकाच जागी असत. नभोनाट्याचा लेखक प्रत्येक हालचाल आवाजात बसवत असे. टीव्ही आला आणि ही बरोबरी मोडली. मोडली ती मोडलीच. ती परत जोडणं आपलं कर्तव्य आहे असं वाहिन्यांना वाटलं नाही.

बाहेर हे भांडून मिळवलं गेलं. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर ‘डेअरडेव्हिल’ आली. नायक अंध वकील, आणि अंध प्रेक्षकांना मात्र ती नीट अनुभवता येईना. आक्षेप उठले, आणि काही दिवसांतच नेटफ्लिक्सनं त्या मालिकेपासून ऑडिओ डिस्क्रिप्शन सुरू केलं.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शनचं नाव घेऊन शासनावर जबाबदारी टाकलेली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्ही कार्यक्रमांच्या सुगमतेची मानकं काढली, ती कर्णबधिरांसाठी होती. ती गरजेचीच होती; अंधांचा विचार मात्र त्यांत झाला नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन आणि उपशीर्षकं देण्याचे निर्देश दिले; दाद मागणाऱ्यांत कायद्याचा एक दृष्टिबाधित विद्यार्थी होता. १५ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आली. म्हणजे सिनेमाच्या तिकीटखिडकीपर्यंत हक्क पोचला, आणि घरातल्या टीव्हीशी थांबला. ज्या पडद्यासमोर अंध आजी रोज बसते, त्याच्याबद्दल कुणी बोललेलं नाही.

चित्रणाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयच बोललं आहे. ‘आँख मिचोली’ या चित्रपटात रातांधळेपणासह अनेक व्यंगांची थट्टा केली, म्हणून निपुण मल्होत्रा यांनी दाद मागितली होती. ८ जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या पीठानं चित्रपटावर कारवाई केली नाही, पण दृश्य माध्यमांसाठी चौकट घालून दिली. अपमान करणारे शब्द टाळा; आजाराची वैद्यकीय माहिती तपासा; अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद यांत फरक करा; दयनीय बिचारे किंवा अचाट पराक्रमी एवढ्या दोनच साच्यांत त्यांना कोंबू नका; आणि त्यांच्याबद्दलचं काहीही त्यांना वगळून ठरवू नका. मराठी मालिकांच्या लेखनकक्षांत हा निकाल भिंतीवर लावण्यासारखा आहे.

आता मागायचं काय?

मागण्या साध्या आहेत आणि वाहिन्यांच्या खर्चात सहज बसतील अशा आहेत. अंध पात्र लिहायचं ठरलं की पहिल्या दिवसापासून एक अंध सल्लागार लेखकांबरोबर बसवावा आणि त्याला मोबदला द्यावा. अशा भूमिकेसाठी अंध कलाकारांची निवड चाचणी घेतल्याशिवाय भूमिका दुसऱ्याला देऊ नये. दृष्टी परत येण्याचा प्रसंग लिहिण्याआधी नेत्रतज्ज्ञाला विचारावं. प्रत्येक वाहिनीनं निदान एका मालिकेला ऑडिओ डिस्क्रिप्शनचा वेगळा ध्वनिपट द्यावा. निवेदकांची आणि नभोनाट्य कलावंतांची मराठीत वाण नाही. आणि मंत्रालयानं २०१९ च्या मानकांत दृष्टिबाधितांसाठीचा राहिलेला भाग जोडावा, कारण कलम ४२ त्यासाठी वाट पाहायला सांगत नाही.

वाचकांनाही एक विनंती. दूरचित्रवाणीवरच्या मजकुराबद्दल तक्रार करण्याची सोय प्रत्येक वाहिनीला ठेवावी लागते. पुढच्या वेळी एखाद्या मालिकेत काळा चष्मा, धडका आणि चमत्कारी पट्टी दिसली, तर चार ओळी लिहून वाहिनीला पाठवा, आणि त्याच पत्रात ऑडिओ डिस्क्रिप्शन कधी सुरू करणार हेही विचारा. पाच-दहा पत्रांकडे वाहिनी दुर्लक्ष करील. मुरबे, सातपाटी, पालघर, बोईसरहून आणि महाराष्ट्रभरातून शेकड्यांनी पत्रं गेली, तर करू शकणार नाही. आपल्या घरातलं एक माणूस गोष्टीबाहेर राहत असेल, तर ते पत्र लिहिणं आपलंच काम आहे.